सत्तरची रेघ

मित्रांनो, मी एक जुना गोणपाटाचा तुकडा आहे. आर्णीजवळच्या एका तांड्यात, लालीबाईच्या दाराशी पाय पुसायला पडलेला. पण हसू नका. एके काळी माझा निकाल ऐकल्याशिवाय इथे सोयाबीनचा दाणा मातीत पडत नसे.

मूळचा मी तुरीच्या पोत्याचा. पोतं फाटल्यावर लालीबाईने मला चौकोनी कापलं. दरवर्षी पेरणीआधी ती मला भिजवायची, घरच्या बियाण्यातले शंभर दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडायची आणि गुंडाळी करून माठाच्या गारव्याला ठेवायची. सहाव्या दिवशी कोंब मोजायचे. सत्तर निघाले तर पेरा, कमी निघाले तर नको. मला उलगडताना अख्खा तांडा वाकून बघायचा. काय दिवस होते ते!

एका वर्षी लालीबाईचा दीर खेमसिंग याच्या बियाण्याचे सहासष्टच कोंब निघाले. त्याने ते बियाणं विकून टाकलं आणि नवं आणलं. पण पोतं झटकताना उकिरड्यावर सांडलेले दाणे असे गच्च उगवले, की तो रोज तिथे उभा राहून वहिनीच्या घराकडे बघायचा. चांगल्या बियाण्याला मी नापास केलं होतं.

ते लालीबाईच्या मनाला लागलं. पुढच्या वर्षी त्याचे बासष्ट निघाले, तेव्हा मोजून झाल्यावर तिने रेघच खाली ओढली. साठच्या वर आहेत, पेरून द्या, म्हणाली. वावरात जागोजाग टक्कल पडलं. दुबार पेरणी झाली, पीक हाती लागलं नाही. खेमसिंगने तिच्या दारात येणं सोडलं. मला फार वाईट वाटलं.

तिची मुलगी सोनू यवतमाळला संख्याशास्त्र शिकते. सुट्टीत घरी आल्यावर तिने सारं ऐकलं. म्हणाली, या दोन्ही चुकांना पुस्तकात नावं आहेत. एक कमी करायला गेलं की दुसरी वाढते. चांगल्या बियाण्याला शंभरातून किती वेळा नापास करणं आपल्याला चालेल, त्याला सार्थकता पातळी म्हणतात, आणि ती आधी ठरवतात. दोन्ही चुका कमी करायच्या तर जास्त दाणे तपासायचे.

"मंग मोठी चूक कोनती?" लालीबाईने विचारलं.

"ते पुस्तक नाही सांगत, याडी," सोनू आईला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी लालीबाई मला घेऊन खेमसिंगच्या घरी गेली. पोत्याच्या वरून, मधून, तळातून तिने चारशे दाणे काढले.

"भाऊजी, चांगलं बी फेकनं जड, का वावर खाली राहनं जड, हे तुमी ठरवा. रेघ तुमीच सांगा. पन आत्ताच, मोजायच्या आधी."

त्याने त्या चारशे दाण्यांवरून हात फिरवला. मग म्हणाला, "सत्तरच राहू द्या, वयनी."

त्या वर्षी मी चार वेळा भिजलो. सत्तरच्या हिशेबाने दोनशे ऐंशी हवे होते; कोंब निघाले दोनशे एक्क्याण्णव, आणि वावर भरून उगवलं.

आता बहुतेक जण पाकिटातलं बियाणं आणतात. माझं काम संपलं. तुम्हीही खुशाल पाय पुसा. फक्त कुणाला नापास करायची वेळ आली, तर रेघ आधी आखा आणि चार दाणे जास्त बघा.

त्या वर्षापासून खेमसिंग पुन्हा रोज चहाला येतो. सगळे माझ्यावर पाय पुसतात, तो मात्र मला ओलांडून आत जातो.