टोकाखालची चकती

“माझ्या चुकीच्या खेळण्यामुळे क्लबच्या तीन काठ्या फुटल्या,” एवढे राणीचे लिहून झाले होते. पुढचे वाक्य अमृतराव सांगत होते आणि ती मान खाली घालून लिहीत होती. मी जिना चढून वर आले, तिच्या हाताखालचा कागद ओढून घेतला आणि उभ्यानेच वाचला. वाचून झाल्यावर चार घड्या घालून तो कमरेच्या पिशवीत ठेवला.

“पंचफुलाबाई, तो कागद इकडं द्या,” अमृतराव म्हणाले. “क्लबचं काम हाय ते. तुमी काहून मधी पडून राहिल्या?”

“नात माही हाय. मधी न्हाई पडले, पुढं येऊन उभी राहिले.”

वारंगा फाट्यावर अमृतरावांचे सीट शिवण्याचे दुकान तीस वर्षांचे आहे. जीप, ट्रक, ट्रॅक्टर, ज्याला बसायला गादी लागते ते प्रत्येक वाहन त्यांच्या दारात थांबते. दुकानाच्या माडीवर त्यांनी काठीने चेंडू मारायच्या पूल या खेळाची दोन टेबले मांडली, त्याला आता चार वर्षे झाली. रस्त्याच्या पलीकडे माझे मोटार वाइंडिंगचे दुकान; विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींना मी नव्याने तार गुंडाळून देते. राणी माझ्या मुलाची मुलगी, वय एकोणीस. कॉलेजातून आली की आधी त्या माडीवर जाते आणि मग घरी येते. मी तिला कधी अडवले नाही. सरळ उभे राहून नेम धरणे ही वाईट सवय नव्हे.

नांदेडच्या निवड स्पर्धेच्या अर्जावर क्लबच्या मालकाची सही लागत होती आणि त्या अर्जाचा फोटो संध्याकाळी सहापर्यंत पाठवायचा होता. तेव्हा अडीच वाजले होते. महिनाभरात क्लबच्या तीन काठ्या टोकाशी चिरल्या आणि तिन्ही वेळा काठी राणीच्या हातात होती. पोरीला खेळता येत नाही, ती नुसता दणका देते, असे अमृतरावांनी चारचौघांत सांगून टाकले होते. आता चुकीची कबुली लिहून दिल्याशिवाय ते सही करणार नव्हते.

“आजी, दे ना तो कागद,” राणी हळूच म्हणाली. “एका कागदानं काय होऊन राहिलं? लिहिते, सही घेते, विषय संपला. मला खेळायचं हाय.”

एका कागदाने काय होते ते मला ठाऊक होते. माझ्या वेळी तर कागदही नव्हता, नुसती मान हलवली होती. सेनगावकडच्या एका शेतकऱ्याची मोटार मी बांधून दिली आणि तिसऱ्या दिवशी ती जळून परत आली. उघडून पाहिली तर तीनपैकी दोन गुंडाळ्या काळ्या ठिक्कर आणि तिसरी कोरी. एका तारेतून वीजच आली नव्हती, हे कोणत्याही कारागिराला दिसले असते. माझे यजमान ग्यानोबा यांनाही दिसले. पण शेतकरी माझ्या बांधणीला दोष देत होता आणि गिऱ्हाईक तुटेल म्हणून ते मला म्हणाले, “व्हय म्हन.” मी हो म्हटले. त्यानंतर पुढची बारा वर्षे त्या गावचा माणूस मोटार न्यायला आला की आधी विचारायचा, “बाईनं न्हाई ना बांदली?”

“फुटलेल्या काठ्या आणा,” मी अमृतरावांना सांगितले.

“काय करता त्या?”

“आणा म्हन्ते ना.”

बाकावर बाबूसिंग बसला होता. तो तांड्यावरचा जीपवाला. खाली त्याच्या जीपच्या सीटा शिवायला टाकलेल्या होत्या म्हणून वर येऊन वेळ काढत होता. त्याने पाय वर घेतले आणि म्हणाला, “आणा सेठ. पंचनामा सुरू झाला.”

काठ्या आल्या. मी खिडकीशी बसले, चष्मा पुसला आणि एकेक टोक पाहिले. अशा काठीच्या अगदी टोकाला चामड्याची लहानशी टिप असते. त्या टिपेने चेंडूला मारतात. टिपेखाली लाकडाच्या शेंड्यावर पांढरी टोपी बसवलेली असते, लाकूड फाटू नये म्हणून. तिन्ही काठ्यांची टोपीच चिरली होती, आणि तिन्ही वेळा एकाच कडेला. आडदांड हाताने मारलेली काठी कुठेही फुटते, ती जागा ठरवून फुटत नाही. टिप आणि टोपी यांच्या मध्ये काहीतरी काळे होते. मी ते पात्याने उकरून काढले.

“हे काय हाय?”

“गादी,” अमृतराव म्हणाले. “टिपंखाली गादी लागती. संगं आलेल्या झिजून गेल्या, मंग मी माह्या हातानं टाकल्या. पयल्या नंबरचं रेक्झिन हाय. ट्रकच्या सीटला लावलं तर धा वर्सं फाटत न्हाई.”

“मऊ हाय.”

“मंग? गादी मऊच आस्ती! जितकी मऊ तितका मार कमी. तीस वर्सं झाली मला सीटा शिवून.”

ते खोटे बोलत नव्हते. बसणाऱ्याच्या बाबतीत त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. पण मोटारीच्या पोटात तांबे आणि लोखंड यांच्या मध्ये मी जो कागद घालते, तो मऊ असून भागत नाही. तो दबला की तार लोखंडाला टेकते आणि मोटार जाते. राखणीला ठेवलेल्याने दबून चालत नाही. हे मी पंचेचाळीस वर्षे रोज हाताने करत आले आहे, आणि ते मी अमृतरावांना याच शब्दांत सांगितले.

“मोटारीचं गणित येगळं, पूलचं येगळं.”

“मंग मोजून पाहू. राणी, दुकानातून फायबरचा तुकडा आण. तांबूस, जाड. आणि पावतीपुस्तकातला कार्बन.”

“आजी, येळ जाऊन राहिला—”

“जा.”

ती गेली. फायबर म्हणजे दाबून दाबून हाडासारखा केलेला कागद. मोटारीच्या चकत्या आम्ही त्याच्याच कापतो. अमृतरावांनी खालून स्वतःचा चकत्या पाडायचा पंच मागवला, रेक्झिनचा तुकडा घेतला, ट्यूबचे रबर घेतले. मग त्यांनी टेबलाच्या खणातून स्टिअरिंगवर चढवायच्या चामड्याचा एक पट्टा काढला आणि माझ्यापुढे टाकला.

“हे बी घ्या. चामड्याचं तुमाला काय सांगावं? तुमच्या लोकायला त्याची पारख.”

बाबूसिंगने मान वळवून खिडकीबाहेर पाहिले. राणी नुकतीच जिना चढून आली होती. तिचे कान लाल झालेले मला दिसले.

माझ्या वडिलांनी गावकीची मेलेली ढोरे ओढायचे सोडले तेव्हा मी पाळण्यात होते. त्यासाठी गावाने आमचे पाणी बंद केले, आणि तरी त्यांनी पुन्हा हात लावला नाही. आम्ही चामडे कमावणारे कधीच नव्हतो; अमृतरावांना तेवढेही ठाऊक नव्हते.

“अमृतराव,” मी म्हटले, “माह्या बापानं सक्ती टाकली, चीज न्हाई टाकली. कोनी उचल म्हन्लं म्हनून आमी आता काहीच उचलत न्हाई. पन निवडायचं माह्या हातात आसंल तर सगळं उचलून पाहते.” आणि तो पट्टा मी उचलला, त्याची जाडी बोटांनी मोजली आणि बाकी तीन तुकड्यांच्या रांगेत ठेवला.

पंचाने चारही जिनसांच्या सारख्या चकत्या पाडल्या. एक चांगली काठी घेतली. टोपीवर पांढऱ्या कागदाची टिकली, तिच्यावर कार्बनची, वर चकती, चकतीवर टिप, आणि सगळे चिकटपट्टीने घट्ट बांधले. मार जिथे बसेल तिथे कागदावर निळे उमटेल, एवढाच माझा हिशेब होता.

राणी काठी घ्यायला पुढे झाली. मी तिचा हात बाजूला केला.

“तू न्हाई. अमृतराव मारतील.”

“मी काहून?”

“तुमचा हात तर चुकत न्हाई ना?”

बाबूसिंग खोकल्यासारखे करून हसला. अमृतरावांनी काठी घेतली. माणूस खेळतो चांगला, हे मी नाकारणार नाही. प्रत्येक चकतीवर त्यांनी सारख्या जोराचे दहा फटके मारायचे ठरले आणि प्रत्येक वेळी पट्टी मी सोडली, सर्वांच्या देखत.

रेक्झिनखालच्या कागदावर नखाएवढी निळी कोर उमटली, एका कडेला. तिन्ही टोप्या चिरल्या होत्या, तशीच कडेला. चकती मऊ म्हणून टिप कलत होती आणि सगळा भार टोपीच्या काठावर पडत होता. रबराचे तर दहा फटकेही झाले नाहीत. चौथ्यालाच टिप निसटली आणि पांढरा चेंडू टेबलाबाहेर उडून बाबूसिंगच्या पायाशी गेला. “माझा काय गुन्हा?” तो म्हणाला. चामड्याखाली गोल आला, पण मध्ये फिका. फायबरखालचा कागद काढला तेव्हा तो मी आधी पाहिला नाही, तसाच अमृतरावांच्या हातात दिला. पूर्ण वर्तुळ होते, काठापासून काठापर्यंत एकसारखे निळे.

“तहसीलचा शिक्का बसला की हो!” बाबूसिंग म्हणाला.

“चामडं बी चाललं आसतं,” मी म्हटले, कारण ते खरे होते. “पन पावसाळ्यात फुगंल, गोंद पिऊन बसंल. फायबर ठेवा.”

मी फायबरची एक चकती गोंदाने त्या काठीवर कायमची बसवली, वर टिप लावली, कडा घासून टोपीशी सपाट केल्या आणि गोंद वाळेपर्यंत काठी भिंतीशी उभी केली. या अवधीत दोन टेबलांचे सगळे खेळणारे येऊन बसले होते. कोणी खेळत नव्हते. अमृतरावांनी तो निळा कागद दोनदा उलटून पाहिला. पाच वाजून वीस मिनिटे झाली.

“ठीक हाय,” ते शेवटी म्हणाले. “अर्ज द्या. करतो सही. पत्राचं राहू द्या.”

मी म्हटले, “पत्राचं न्हाई राहनार. पोरीनं काठ्या फोडल्या, हे तुमी हितंच, ह्याच लोकात बोलले. आता कशानं फुटल्या ते बी बोला.”

“माह्या माडीवर मी कोनाची माफी मागनार न्हाई.”

“माफी कोन मागून राहिलं? खरं काय ते बोला.”

ते टेबलाला टेकून उभे राहिले. घड्याळ चालत होते. साडेपाच झाले, मग पावणेसहा. पावणेसहाला माझे मन डळमळले, हे मी लपवणार नाही. हट्ट माझा होता आणि वर्ष राणीचे जाणार होते. मी पिशवीतून चष्म्याची डबी काढल्यासारखे केले आणि तिच्या कानाशी म्हणाले, “घे सही. जाऊ दे.”

राणीने माझ्याकडे पाहिले. दुपारी मान खाली घालून लिहिणारी ती मुलगी मला त्या चेहऱ्यात सापडली नाही. तिने अर्ज टेबलाच्या हिरव्या कापडावर अमृतरावांसमोर ठेवला आणि वर पेन ठेवले.

“न्हाई आजी,” ती मोठ्याने म्हणाली. “काका, आदी बोला. मंग सही करा. न्हाई बोलायचं तर सही बी ठेवा तुमच्यापाशी. पुढल्या वर्सी फार्म पुन्हा निघंल. पन मी दनका देनारी हाय म्हनून नांदेडला जानार न्हाई.”

मी पिशवीचे तोंड बांधले.

अमृतरावांनी पेन उचलले. अर्जावर वाकून, कोणाकडेही न पाहता, ते म्हणाले, “काठ्या रेक्झिननं फुटल्या.”

“सेठ, जरा मोठ्यानं,” बाबूसिंगने सांगितले. “ह्या बाकापर्यंत न्हाई आलं.”

अमृतरावांनी मान वर केली. “रेक्झिननं फुटल्या! ते मी टाकलं. पोरीचा हात सरळ हाय. झालं?” आणि त्यांनी सही केली, पेन इतके दाबून की कागद फाटतो की काय असे वाटले.

राणीने अर्जाचा फोटो काढला आणि पाठवला. सहाला चार मिनिटे होती. मग तिने भिंतीजवळची काठी घेतली, अंगठ्याने टोकाची कड चाचपली आणि म्हणाली, “काका, बॉल लावा. ब्रेक मी मारनार, पयला फटका माझा.”

अमृतराव वाकले, पंधराही चेंडू त्रिकोणी चौकटीत गोळा केले, बोटांनी एकमेकांना घट्ट भिडवले, चौकट अलगद उचलली आणि दोन पावले मागे सरले. मला खेळातले काही कळत नाही. मी भिंतीशी ताठ उभी राहिले. राणी टेबलावर ओणवी झाली, हात एकदा मागे गेला आणि चेंडू कडाडून चारी कोपऱ्यांना पळाले.

गेला महिनाभर तिच्या प्रत्येक फटक्यानंतर कोणी ना कोणी उठून काठीचे टोक तपासत असे. त्या संध्याकाळी सगळ्यांनी चेंडू कुठे गेले ते पाहिले.