पळसाच्या पानांचा माणूस

"आई, त्या बाईचा हात बघ," दिनेश कुजबुजला.

नवसाबाईने पडद्याकडे बघितले नाही. तिथे काय दिसणार ते तिला ठाऊक होते. त्यासाठीच ती पोराला त्याच्याच टेम्पोतून पिंपळगावहून नाशिकच्या या लहानशा सभागृहात घेऊन आली होती. द्राक्षे भरायच्या पॅकहाउसच्या मॅडमनी सिनेमाचे पास दिलेत, असे तिने घरी सांगितले होते. नवसाबाईचे आयुष्य द्राक्षाच्या घडातले खराब मणी कात्रीने काढण्यात गेले. खोटे बोलायची तिला सवय नव्हती. एकच मोठे खोटे तिने इतकी वर्षे सांभाळले होते, आणि ते आता पडद्यावर येऊन बसले होते.

पडद्यावर विहिरीच्या कठड्यापाशी एक पोक्त बाई मोटार दुरुस्त करत होती. स्क्रूड्रायव्हरचे टोक मोटारीला टेकवून, मूठ कानाशी धरून ती आतला आवाज ऐकत होती. दुसरा हात मांडीवर उताणा पडला होता, करंगळी आत मुडपलेली.

"नाना असाच हात ठेवायचे."

"मेस्त्री लोकांचे हात सारखेच असत्यात."

"करंगळी पण?"

पडद्यावरची बाई बोलू लागली तसे मागच्या रांगेतले दोघे फिदीफिदी हसले. "मावशीचा आवाज ऐकला का? आधी तोच रिपेर करायला पाहिजे." दिनेशने मागे वळूनही बघितले नाही.

सिनेमा काढणाऱ्या मुलीने विचारले, "रोशनीताई, घरी कोण कोण आहे?"

"एक पोरगा हाय," बाई म्हणाली. "त्यानं मला अग्नी दिलाय." पोरगा बँकेत लागलाय असे सांगावे, तशा आवाजात तिने हे सांगितले आणि मूठ पुन्हा कानाला लावली.

दिनेशचा हात नवसाबाईच्या मनगटावर आला.

रावजी मेस्त्री घरातून गेला तो बायकोला सांगून. माझ्या आत जी बाई आहे तिला आता कोंडून ठेवता येत नाही, एवढेच तो म्हणाला होता. वाट नवसाबाईनेच काढली. बायको-पोर टाकून गेला, असल्या लोकांत जाऊन मिळाला, असे गावाने म्हणण्यापेक्षा नदीने नेला हे बरे. गोदावरीला पूर होता. सायखेड्याच्या पुलाजवळ त्याचे कपडे आणि चपला तिनेच नेऊन ठेवल्या.

पुढचे मात्र तिच्या ध्यानात आले नव्हते. प्रेत सापडेना, तेव्हा सासू ठमाबाई हटून बसली. माझा रावजी पाण्यात अडकून राहिलाय, त्याला सोडवा. नाशिकला गंगेवर, म्हणजे गोदावरीच्याच काठावर, गुरुजींनी पळसाच्या पानांचा माणूस मांडला. पानांचे हात, पानांचे पाय, डोक्याच्या जागी नारळ. ठमाबाईने त्याच्यावर रावजीचा निळा शर्ट पसरला. नऊ वर्षांच्या दिनेशने अग्नी दिला. वारा नव्हता, तरी शर्टाची एक बाही हळूच वर उचलली गेली. नारळ फुटला तेव्हा पोरगे म्हणाले, "नानांनी हाक मारली." नवसाबाईला तेव्हाच बोलायचे होते. पण भोवती सगळे रडत होते.

त्यानंतर दर पितृपक्षात कौलावर कावळा यायचा, मान वाकडी करून श्राद्धाच्या पानाकडे बघायचा आणि उडून जायचा. "नानांचा जीव कशात अडकलाय?" असे म्हणत दिनेश हात जोडून एकेक गोष्ट कबूल करायचा. आईला अंतर देणार नाही. गाव सोडणार नाही. पुण्याची नोकरी त्याने त्या पानापुढेच नाकारली. कावळा शिवला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून तोच घासाला लावायचा. खरा कावळा का शिवत नाही, हे त्या घरात एकट्या नवसाबाईला माहीत होते. या वर्षी दिनेश म्हणाला, नानांना माझे लग्न पसंत नसेल, आणि जिच्याशी ठरत आले होते त्या सईच्या घरी त्याने नकार कळवला. तेव्हा नवसाबाईने जपून ठेवलेल्या नंबरावर रोशनीला फोन केला आणि रोशनीनेच त्यांना या सिनेमाला बोलावले.

"आई," दिनेश म्हणाला, "मेलेलं माणूस सिनेमात येतं का?"

"ती जिवंत हाय."

"कोण?"

"तुझा बाप होता ना, तीच ही. बाहेर गेटापाशी उभी हाय. तुला भेटायचं नसंल तर मागच्या दारानं टेम्पोत जाऊन बसू. ती पण हेच म्हणली. जबरदस्ती नाय."

सिनेमा संपला. दिवे लागले, टाळ्या वाजल्या. तो उठून मागच्या दारापर्यंत गेला आणि कडीला हात लावून उभा राहिला. नवसाबाई खुर्चीतच बसून होती. मग तो वळला आणि तिच्या अंगावरून, न थांबता, गेटाकडे निघाला.

रोशनी लिंबाच्या झाडाखाली उभी होती. जांभळे पातळ, कपाळावर मोठे कुंकू. दिनेश चार हात लांबच थांबला. त्याची नजर तिच्या पायांकडे गेली.

"सुलटे हायेत," रोशनी म्हणाली. "नीट बघून घे."

तो हसला नाही. "मग मी कोणाला पेटवलं?"

"रावजीला."

"रावजी तुम्हीच ना?"

"तवा व्हते. त्या दिवशी मी पण गंगेवर व्हते. पलीकडच्या काठाला, बायांच्यात. धूर वर गेला तसं लय हलकं वाटलं. तुझ्याकडं मात्र बघवंना."

"हाक मारली होती का तुम्ही?"

रोशनीने नवसाबाईकडे बघितले. नवसाबाईने मान खाली घातली.

"मारली व्हती," रोशनी म्हणाली. "तोंडात पदर कोंबला, तरी निघाली."

दिनेश झाडाच्या बुंध्याला टेकला. "कावळा शिवत नाय," तो म्हणाला. "काय काय सोडलं मी त्या कावळ्यापायी."

"नवसे, पोराला कावळ्याच्या हवाली केलंस तू?"

"कोणाला काय सांगणार व्हते मी?" नवसाबाई म्हणाली. "तू सुटलीस. मला त्याच घरात रोज चूल पेटवायची व्हती."

दिनेशने खिशातून टेम्पोची किल्ली काढली. मग तो म्हणाला, "कुठं राहता? सोडतो."

"द्वारकेच्या चौकात सोड. तिथून जाईन मी."

टेम्पोच्या केबिनमध्ये तिघे बसले, नवसाबाई मध्ये. समोरच्या काचेत तिघांची तोंडे उमटली होती. दिनेश गाडी चालवताना मधूनमधून तिसरे तोंड आहे ना, बघून घेत होता.

"श्राद्ध घालायचं का मग?" त्याने विचारले.

"घाल की. रावजी गेलाच हाय. पण त्याला काय कबूल करू नको. कावळा नाय शिवला तर घास गाईला घाल आणि कामाला लाग. आणि त्या पोरीच्या घरी जा आधी."

द्वारकेला रोशनी उतरली. दार लावताना तिचा पदर फटीत अडकला. दिनेश खाली उतरून वळसा घालून आला. ते दार जोर लावूनच उघडायचे. त्याने ते उघडले आणि पदर सोडवला. इतका वेळ त्याने तिला हात लावला नव्हता. जुने सुती कापड होते, धुऊन धुऊन मऊ झालेले. तो काठ त्याने बोटांत जरा जास्तच वेळ धरून ठेवला. मागचा रिक्षावाला ओरडला, "ओ शेठ, घ्या की पुढं." दिनेशने पदर झटकला आणि तिच्या हातात दिला.

"सावकाश जा," तो म्हणाला.

रोशनीने पदर खांद्यावरून नीट घेतला आणि ती रस्ता ओलांडू लागली. एक बस तिच्यासाठी थांबली. मग एक ट्रक थांबला. दिनेश ते बघत उभा राहिला.