मुकी गाडी

ग्राइंडरचं पातं सायलेन्सरच्या जोडावर टेकलं, तशी धाकट्याने मान फिरवली.

"एकदा कापला की संपलं," उस्तादने मघाशीच बजावलं होतं. "तुझ्या दादाने माझ्याकडूनच वेल्ड करून घेतला होता हा. लोक इथे आवाज वाढवायला येतात. पदरमोड करून गाडी मुकी करणारा तू पहिलाच."

"मुकीच पाहिजे."

उस्तादने जास्त खोदून विचारलं नाही. दादा गेल्यापासून गॅरेजात त्याचा विषय निघाला की तो हातातला पाना उगाचच पुसत बसे.

गाडी दादाचीच. ज्या वळणावर तो पडला तिथे गाडीला धड ओरखडाही आला नव्हता, माणूस मात्र हातचा गेला. असल्या गाडीवर बसायला धाकट्याचं मन घेत नव्हतं. पण त्याचा कारखाना गावाबाहेर, आणि तिकडच्या बसगाड्या कधीच बंद झालेल्या. गाडीचा आवाज असा की गल्लीच्या कानठळ्या बसाव्यात. ती दारापुढे थांबायच्या आत आई दार उघडून उभी असे. नजर त्याच्या हेल्मेटवर खिळलेली. हेल्मेट निघालं की तिचा चेहरा एकदम पडे आणि ती मुकाट्याने आत वळे. मग मोरीतला नळ बराच वेळ वाहत राही.

हेल्मेटखालून दादा निघेल या आशेने ती धावत येते आणि आपलं तोंड पाहून तिचा हिरमोड होतो, हे धाकट्याने मनाशी पक्कं धरलं होतं. याबद्दल तो तिला कधी विचारायला गेला नाही. विचारणार तरी कोणत्या तोंडाने? उरलेला मुलगा आपण, याचीच त्याला लाज वाटे.

नवा सायलेन्सर चांगला भारीतला होता. उस्तादने गाडी सुरू केली, तर ती पोट भरलेल्या मांजरासारखी जेमतेम गुरगुरली.

घरी पोचल्यावर त्याला बेल वाजवावी लागली.

"कोण आहे?" आतून आईचा आवाज आला, चिरकलेला. दार उघडून तिने आधी त्याला खांद्यापासून हातापर्यंत चाचपलं. "गाडी कुठाय? काय झालं?"

"काही नाही गं. ही काय उभी आहे. सायलेन्सर बदलला."

"का?"

बुटाची नाडी सोडायचं निमित्त करून तो खाली वाकला. "तो आवाज ऐकून तुला वाटायचं ना... दादा आला म्हणून."



"अरे, तो कोपऱ्यावरच गाडी बंद करायचा. शेजारच्या आजोबांची झोपमोड नको, म्हणून इथवर ढकलत आणायचा. दारापर्यंत धडधडत येणारा तू."

धाकट्याची बोटं नाडीतच अडकली.

"मग मला बघून तुझा चेहरा पडायचा तो?"

"धडधाकट आलास हे दिसेपर्यंत जीव टांगणीला लागलेला असायचा माझा. दिसलास की हातापायातलं बळच जायचं." तिने पदराने नाक पुसलं. "तुझ्यासमोर कशाला रडू?"

जुना परत बसवून आणतो, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. तो सायलेन्सर दोन तुकडे होऊन भंगारात पडला होता.

"आता मला कळणार कसं रे," आई म्हणाली, "तू आलास ते?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो गल्लीत वळला. कुणाच्या खिडकीतून कुणी डोकावलं नाही. दार सताड उघडं होतं आणि आई उंबऱ्यापाशी खुर्ची टाकून बसली होती.

"केव्हाची बसली आहेस?"

"ही काय, आत्ताच," ती म्हणाली.

ती उठायला गेली, पण पायांना मुंग्या येऊन ते पार बधिर झाले होते. हेल्मेट न काढताच त्याने तिला दोन्ही हातांनी धरून उभं केलं.