वाचनालयातली धुमश्चक्री

वर्तमानपत्राच्या कचेरीत जुने अंक स्कॅन करणाऱ्या भाचीला एक मथळा सापडला, आणि त्याचा फोटो काढून ती थेट आत्याकडे धावली. 'वाचनालयात महिलांची धुमश्चक्री!'

"आत्या, यात तू होतीस?"

पन्नास वर्षांनंतरही आत्याचा पारा चढला. "कसली डोंबलाची धुमश्चक्री! संध्याकाळी बायकांना आत घेत नव्हते, म्हणून आम्ही पाच जणी आत शिरून मुकाट्याने वाचत बसलो. एकीला शिंक आली, तीसुद्धा तिने रुमालात दाबली!"

"मग?"

"मग काय! मथळा वाचून ग्रंथपालाची पाचावर धारण बसली. त्याच संध्याकाळी दार उघडलं, ते आजतागायत उघडं आहे. पण खोटं ते खोटंच! मी तडक कचेरी गाठली, बातमीदाराचे कागद भिरकावले, शाईची दौत उपडी केली, मध्ये पडलेल्या संपादकांनाही सोडलं नाही."

शेजारी मटार सोलत बसलेले आतोबा, म्हणजे तेव्हाचे तेच बातमीदार, गालातल्या गालात हसले.

"बातमी खोटी नव्हती गं पोरी. मी फक्त ती थोडी आधी छापली."