घर, संगत, वस्ती

सुहासिनी मॅडमच्या कॉम्प्युटरवर मुलांचे तीन साचे तयार होते. पहिल्या फाइलचं नाव ‘घर’, दुसरीचं ‘संगत’, तिसरीचं ‘वस्ती’.

“कुठलाही पोरगा आण,” नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्या स्वरदाला म्हणाल्या होत्या, “या तिघांपैकी एकात बसतोच. नाव बदल, वय बदल, पत्ता बदल, प्रिंट काढ. एम.ए.ला चार पेपर घासलेस ना? त्यांचं सार एवढंच आहे बघ. घर फुटकं, संगत फुटकी, वस्ती फुटकी.”

त्यांच्या संस्थेचं कामच ते. गुन्ह्यात सापडलेल्या अल्पवयीन मुलाच्या घरी जायचं, माणसं बघायची आणि बाल न्याय मंडळाला सात पानांचा अहवाल द्यायचा. पोरगं आईच्या हातचं जेवणार की निरीक्षणगृहातल्या ताटलीतलं, हे बरंचसं त्या सात पानांवर ठरायचं.

ते साचे पाहून स्वरदाला शिसारी आली होती. जेवणाच्या डब्यात केस निघावा तशी. एकदा ‘बिघडलेला’ असा शिक्का बसला की मूल त्या शिक्क्याच्याच मापाने वाढत जातं, यावर तिने कॉलेजात वीस पानं लिहिली होती. लिहिताना डोळे भरून आले होते. प्राध्यापकांनी समासात ‘उत्तम’ असं लिहिलं होतं.

त्या वीस पानांना चार महिनेही झाले नव्हते, तेव्हा सौरभ पेडणेकरची केस तिच्याकडे आली. वय सोळा, राहणार घाटकोपरच्या डोंगरावर, दहावीत. समोरच्या टॉवरच्या गच्चीवरून एसीच्या तांब्याच्या नळ्या कापताना सापडला. बरोबरची दोघं पळाली. याला पळता आलं असतं, पण हा तिथेच उभा राहिला.

“का उभा राहिलास?” निरीक्षणगृहात स्वरदाने विचारलं.

“वरून आमचं घर दिसतंय का बघत होतो.”

“दिसलं?”

“निळी ताडपत्री दिसली. ती सगळ्यांचीच निळी.” तो हसला. “चोरी का केलीस ते नाही विचारत? सगळे तेच विचारतात.”

“का केलीस?”

“मजा आली.”

चार पेपरांपैकी एकाही पेपरात हे उत्तर नव्हतं. पोराच्या डोळ्यांत पश्चात्ताप नव्हता, माज होता, आणि नखांत मळ. स्वरदाला तो आवडला नाही. घरी येऊन तिने दोनदा हात धुतले.

त्याच्या घरी मात्र ती नीट गेली, घाईत नाही. एकशे बेचाळीस पायऱ्या, शेजारून वाहणारं गटार, त्याच्या काठाशी ओळीने वाळत घातलेल्या शाळेच्या चड्ड्या. आई शेवंती एका पोळीभाजी केंद्रात रोज चारशे पोळ्या लाटायची. मनगटं लाकडासारखी, बोलणं लोण्यासारखं. वडील काशीराम कापडाच्या दुकानात गठ्ठे उचलायचे आणि गुरुवारी भजनात मृदंग वाजवायचे. गळ्यात तुळशीची माळ. मृदंगाला स्वच्छ फडक्याची खोळ, तिला शेवंतीने टीप घातलेली. बोलता बोलता काशीरामची बोटं स्वतःच्याच मांडीवर ताल धरत होती.

“झिलान चूक केलीच,” ते म्हणाले. “माका लाज वाटता. पण सोमवारी त्याचो पयलो पेपर आसा. तेवढा बघा मॅडम. पेपराक घरातसून जाऊ दे.”

तिने वहीत सगळं उतरवलं. माळ, मृदंग, पोळ्या, पायऱ्या.

मग बुधवार आला. सहा अहवाल बाकी आणि मॅडम खुर्चीमागे उभ्या. “अगं, कादंबरी लिहितेयस का? फाइल उघड ना.”

स्वरदाने ‘घर’ उघडली. त्यात कुर्ल्याच्या चैतन्य नावाच्या मुलाचा जुना अहवाल होता. तिने नाव बदललं, वय बदललं, पत्ता बदलला. अकराव्या मुद्द्यात माळ आणि मृदंग मोठ्या मायेने घातले. चौदाव्या मुद्द्यापर्यंत ती पोचलीच नाही. तिथे चैतन्यचा बाप होता तसाच राहिला. ‘वडील मद्याच्या आहारी गेलेले असून घरात वारंवार मारहाण होते. सदर वातावरण मुलाच्या पुनर्वसनास पोषक नाही.’ खाली तिची सही, तिच्याच शाईची.

गुरुवारी मंडळाच्या बाहेर बाकावर आईबाप बसले होते. सुहासिनी मॅडम नेहमीप्रमाणे ओळीने सगळ्यांना बजावत गेल्या, “आत अहवालाच्या उलट बोलायचं नाही. मंडळाच्या बाई विचारतील त्याला हो म्हणायचं, हात जोडायचे, बाहेर यायचं. उलट बोललात तर तारीख पडते. समजलं?”

काशीरामने मान डोलावली. तारीख पडली तर सोमवार गेला, एवढं त्याला पक्कं कळलं होतं.

आत मंडळाच्या मुख्य बाईंनी पानं चाळली. चष्मा वर केला.

“पेडणेकर, तुम्ही दारू पिता. घरात मारहाण करता. असं लिहिलंय इथे. खरं का?”

स्वरदा भिंतीशी उभी होती. तिने हातातली प्रत उघडली. चौदावा मुद्दा. अक्षरं झुरळांसारखी पानभर पसरली.

 काशीरामने एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा दाराजवळ उभ्या सुहासिनी मॅडमकडे. मग शर्टाचं वरचं बटण लावलं, माळ आत ढकलली आणि हात जोडले.

“होय बाईसाहेब. पितंय मी.”

“मारता?”

“होय. मारतंय.”

“ओ बाबा,” सौरभ म्हणाला, “खोटं काय बोलताय?”

“तू मध्ये बोलू नकोस,” बाई म्हणाल्या.

“अहो पण ते चहासुद्धा घेत नाहीत बाहेरचा.”

“बघा, खोटं बोलायची अशी सवय लागते,” बाजूच्या सदस्याने हळूच म्हटलं आणि काहीतरी लिहिलं.

त्या खोलीत खरं बोलणारा एकटा तोच होता, आणि चोरही तोच. बाईंनी पेनाचं टोपण काढलं. “अशा घरी मुलाला पाठवणं बरोबर नाही. पुढच्या तारखेपर्यंत—”

मॅडमनी स्वरदाचा दंड चिमटीत धरला. “पुढच्या अहवालात दुरुस्त करू,” ओठ न हलवता त्या म्हणाल्या.

स्वरदाला किळस आली. मॅडमची नाही, खोलीची नाही, स्वतःची. ज्याने आयुष्यात दारूला हात लावला नाही त्या माणसाच्या तोंडून तिने ते वदवलं होतं, आणि मुलगा सुटेल या आशेने तो ते कृतज्ञ होऊन बोलला होता. तिने दंड सोडवून घेतला आणि ती बाईंसमोर गेली.

“मॅडम, चौदावा मुद्दा चुकीचा आहे. तो दुसऱ्या मुलाचा आहे. माझ्याकडून राहिला.”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. “राहिला म्हणजे?”

“जुन्या अहवालावरच नवीन टाइप करतो आम्ही.”

“मग हे हो का म्हणाले?”

“आम्हीच सांगतो त्यांना. बाहेर. अहवालाला हो म्हणा म्हणून.”

 मग बाईंनी सात पानांवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारली. “चार वाजेपर्यंत नवीन. हाताने लिहा. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच. तुमच्या संस्थेचं मी नंतर बघते.”

बाहेर सुहासिनी मॅडम तिच्याशी एकच वाक्य बोलल्या. “चाळीस पोरं होती आपल्याकडे, तुझ्या एकटीच्या सदसद्विवेकापायी त्या चाळीसांची वाट लावलीस.” आणि फोन कानाला लावून जिना उतरल्या.

स्वरदा बाकावर बसली, मांडीवर कोरे कागद. काशीराम समोर येऊन उभा राहिला. आता त्याचे हात जोडलेले नव्हते.

“नवीन कागदार काय लिवतलात?”

“जे पाहिलं ते.”

“दारूचा तुमी खय बघलात?”

 तो वाकला, तिच्या तोंडाजवळ तोंड आणून आ केला. “वास घेवा. नीट घेवा. मग लिवा.”

येणारे जाणारे थबकले. तिला मान फिरवावीशी वाटली, पण तिने फिरवली नाही. सकाळपासून पाण्याशिवाय काही पोटात न गेलेल्या माणसाच्या तोंडाचा आंबूस, कोरडा वास तिने आत घेतला. मग लिहायला बसली. अक्षर वाईट आलं.

चारला दहा कमी असताना कागद आत गेले. साडेचारला सौरभ सुटला, बापाच्या हमीवर. काशीरामने सहीच्या जागी नाव लिहिलं, सावकाश, एकेक अक्षर. स्वरदाकडे पाहिलं नाही.

फाटकापर्यंत बापलेक अंतर ठेवून चालले. ती मागे होती, त्यांचं बोलणं तिला ऐकू येत होतं.

“हो का म्हणालात?”

“सोमवारी पेपर आसा ना तुझो.”

“मला वस्तीत सगळ्यांनी विचारलं तर काय सांगू? बेवड्याचा पोरगा?”

 सौरभ थांबला. मागे वळून त्याने स्वरदाला पायांपासून डोक्यापर्यंत पाहून घेतलं. मग रस्त्याच्या कडेला थुंकला आणि बापाची पिशवी आपल्या खांद्यावर घेऊन पुढे गेला.