सेल्मोचं नवं मशीन

"डोळ्यांनी काय बघतोस? नख फिरव," म्हातारे तातांग दोरो म्हणाले.

सेल्मोनं पहिल्या काठीवरून अंगठ्याचं नख ओढलं. फणीच्या दातांवरून ओढावं तसं ते खरखरत गेलं. दुसऱ्या काठीला खरखर नव्हती, पण मधेच वीतभर तपकिरी डाग पडला होता. ती नाकाजवळ नेली तर जळका, गोडसर वास आला. तिसरीवरून मात्र नख टोकापर्यंत सरळ घसरत गेलं.

तिन्ही काठ्या मेपलच्या एकाच फळीतल्या, एकाच मशीनवर कापलेल्या. बदललं होतं ते फक्त करवतीचं पातं. पहिल्या पात्याचे दाते आलटून पालटून तिरके होते, दुसऱ्याचे फार दाट. तिसऱ्याचा एकाआड एक दाता किंचित उंच आणि कडा मारलेला, त्याच्या मागचा सपाट. पुढच्यानं वाट करायची, मागच्यानं ती साफ करत जायची.

"हे तिसरंच घे," म्हातारा म्हणाला. "तिरक्या दात्यांचं पातं फळ्या चिरायला बरं. आपली काठी गोल फिरत असते, तिच्यावर ते आटे पाडतं. आणि दाट दात्यांना भुसा टाकायला जागाच नसते, मग लाकूड भाजतं. दुकानदार सांगेल, जितके दाते जास्त तितकं काम गुळगुळीत. त्याला विकायचंय, तो सांगणारच."

पूल टेबलावर खेळायच्या काठीचा पुढचा निमुळता अर्धा भाग, म्हणजे शाफ्ट, करण्यात सेल्मोचं अर्धं आयुष्य गेलं होतं. अँजेलिस शहरातले नावाजलेले कारागीर मागची नक्षीची मूठ स्वतः घडवत, तिच्यावर आपलं नाव कोरत, आणि शाफ्ट सेल्मोकडून नेत. ते काम तो अजून जुन्या लेथवर करत होता. तातांग दोरो दुकान बंद करून आपलं करवतीचं मशीन विकणार असं कळलं, तेव्हा तो सकाळच्या पहिल्या जीपनीनं अँजेलिसला आला होता.

मशीन पुरुषभर लांबीचं, ओतीव लोखंडाचं होतं. दोन टोकांत धरलेली काठी सावकाश फिरायची, आणि बाजूच्या पट्टीच्या उतारावरून करवत तिला निमुळती करत पुढं सरकायची. सेल्मोनं पात्याला दोन्हीकडून धरणाऱ्या जाड चकत्या हातानं हलवून पाहिल्या. केसभरही हलत नव्हत्या.

"आणि ते तैवानचं आलंय ते? कॉम्प्युटरवालं?"

"चांगलं आहे. एकटा माणूस उचलून नेईल. पण हलकं मशीन थरथरतं, आणि त्याची थरथर काठीवर उतरते. माझं हे चार जणांनी उचलून एकदा ठेवलं की ठेवलं. मग तू म्हणालास तरी हलायचं नाही." म्हाताऱ्यानं हात पुसले. "पण काय रे, तू तर बायकोकडं कॅनडाला चालला होतास ना?"

"लिगाया कागद करतेय."

"अरे, किती वर्षं करतेय?"

सेल्मोनं तिन्ही काठ्या बाकावर नीट ओळीनं ठेवल्या. "तिला विचारून सांगतो, तातांग."

"विचार. पण लवकर. मी पुढच्या महिन्यात सेबूला मुलीकडं राहायला जातोय."

"एवढा पसारा सोडून करमेल तुम्हाला तिथं?"

"नाही करमलं तर तिथं बसून कुरकुर करेन," तातांग दोरो म्हणाले. "ऐकायला कुणी तरी असेल."

बाकोलोरला सेल्मोचं घर म्हणजे पूर्वीच्या घराचा वरचा मजला. खालचा लाहारच्या, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेच्या पुराच्या, राखाडी गाळात गेला, तेव्हा गावात सगळ्यांनी केलं तेच त्याच्या बापानं केलं. वरच्या मजल्याला रस्त्याकडून दार पाडलं आणि घर चालू ठेवलं. लग्न होऊन लिगाया त्याच दारानं आत आली, आणि लेक नेरिसा शाळेत जाऊ लागली तेव्हा लिगाया त्याच दारानं कॅनडात, विनिपेगला गेली. तिथं म्हाताऱ्या माणसांची सेवा करायची नोकरी होती. नंतर तिनं नेरिसाला नेलं. त्यामागून सेल्मोनं जायचं असं ठरलं होतं.

नाही कधीच म्हणाला नाही तो. फक्त लाकूड टांगलेलं असायचं. मेपल एका दमात बारीक केलं तर वाकतं. थोडं कापायचं, काही महिने टांगून ठेवायचं, त्याला हवं तसं अंग मोडून घेऊ द्यायचं, मग पुन्हा थोडं कापायचं. अर्धवट कापलेल्या काठ्या टाकून जाणार कसं? "ही खेप उतरली की निघतो," असं तो फोनवर सांगायचा. त्यात खोटं काही नव्हतं. पण ती खेप उतरायच्या आत त्यानंच दुसरी टांगलेली असायची. पहिल्यांदा कागद आले तेव्हा लिगाया हसून म्हणाली होती, "लग्न माझ्याशी केलंस की त्या लाकडाशी?" दुसऱ्यांदा ती हसली नव्हती.

तिथं जाऊन आपण कोण होणार, हे त्याला कधी दिसलंच नाही. त्याचा आतेभाऊ तिथं मांसाच्या कारखान्यात खोकी बांधत होता. तो म्हणायचा, थंडीत नाकातले केससुद्धा गोठतात. सेल्मोला थंडीचं भय नव्हतं. सकाळी उठून हातात काय घ्यायचं, याचं भय होतं. हे त्यानं लिगायाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं काही तरी वाट काढली असती, अशी ती बाई होती.

रविवारी चर्चमधून मिसाहून आल्यावर त्यानं फोन लावला. तिकडं शनिवारची संध्याकाळ होती. लिगाया स्वयंपाकघरात कांदा चिरत होती, फोन कशाला तरी टेकवून ठेवलेला.

"जेवलास?"

"जेवेन. अत्सी पुरिंगनं आंबवलेल्या भात-मासळीचा बुरो दिलाय, वांगी उकडली की झालं." अत्सी पुरिंग म्हणजे समोरची खानावळवाली.

"मजा आहे तुझी. इथं बुरो केला की नेरिसा सगळ्या खिडक्या उघडते. कोट घालून बसावं लागतं."

दोघं हसली. मग त्यानं तातांग दोरोंच्या मशीनचं सांगितलं. त्यांनी बरोबर दिलेलं तिसरं पातं कॅमेऱ्यापुढं धरून दात्यांची गंमत सांगितली. तिनं सुरी खाली ठेवून नीट ऐकलं. तिला कळत होतं. लग्नानंतरची कितीतरी वर्षं शाफ्टांना शेवटचा पॉलिशपेपर तिनंच मारला होता.

"घेऊ का?" त्यानं विचारलं.

"घे ना."

त्याला वाटलं, तिला नीट समजलं नसावं. "जड आहे खूप. एकदा बसवलं की पुन्हा हलवता येणार नाही. विकायचं म्हटलं तरी गिऱ्हाईक मिळायचं नाही."

"मग बसवतानाच नीट बसव. जमीन पेलेल ना?"

"खाली गाळ भरलाय. दगड झालाय त्याचा."

"मग झालं तर. आणि मागच्या भिंतीशी ठेव, पुढं येण्याजाण्यात अडचण होईल."

तो थोडा वेळ पात्याच्या दात्यांवरून बोट फिरवत राहिला. "लिगाया, कागदांचं काय झालं?"

तिनं कांदा कढईत टाकला. चर्र आवाज झाला. आच कमी करून ती फोनसमोर येऊन बसली.

"मी या वेळी भरले नाहीत, सेल्मो. मुदत जानेवारीतच गेली."

"बोलली नाहीस."

"तू विचारशील म्हणून थांबले होते."

बाहेर रस्त्यावरून कुणाचं तरी ट्रायसिकल फटफटत गेलं. त्यानं पातं खाली ठेवलं.

"रागावलीस?"

"नाही रे. रागावले होते तेव्हा रोज फोन करत होते की नाही? आठव." ती हे मायेनं बोलत होती. असा मऊ आवाज ती तिच्याकडच्या म्हाताऱ्यांशी बोलताना लावायची. "तुझे हात चांगले आहेत. चांगलं मशीन घे. आणि डोळ्यांना चष्मा लावत जा, करवत आहे ती."

"गावच्या फिएस्टाला याल का दोघी?"

"नेरिसाला सुट्टी कुठं मिळतेय? बघू."

फोन ठेवल्यावर त्यानं वांगी उकडली आणि बुरोबरोबर खाल्ली. ताट धुतलं. मग तातांग दोरोंना निरोप पाठवला की घेतो.

मशीन ट्रकमधून आलं तेव्हा गल्लीतली माणसं आपणहून धावून आली. दोर बांधले, खाली पाइप घातले, एकमेकांना शिव्या दिल्या, आणि दुपारपर्यंत मशीन मागच्या भिंतीशी जाऊन बसलं. कुणीतरी म्हणालं, "आता सेल्मो काही कॅनडाला जात नाही." दुसऱ्यानं त्याला कोपर मारलं. अत्सी पुरिंगनं सगळ्यांना भात आणि डुकराच्या मांसाचा गोडसर तोसिनो वाढला. सेल्मोनं बिअर मागवली. संध्याकाळी सगळे गेले.

सकाळी त्यानं तिसरं पातं चढवलं, चकत्या आवळल्या, पट्टीचा उतार जुळवला आणि पहिली काठी लावली. करवत मंद घुमत सरकू लागली. धाग्यासारखा पांढरा भुसा नळीतून जात होता. जुन्या लेथवर एक हात सतत काठीखाली आधाराला धरावा लागायचा. इथं हाताला कामच नव्हतं. तो खिशात हात घालून उभा राहिला, मग काढले, मग पाठीमागं बांधले. काठी निघाली ती अशी, की तिला काही करायचं उरलंच नव्हतं. त्यानं ती उजेडाकडं धरून फिरवली. एकदा, दोनदा. मग रिकाम्या खोलीकडं वळून कुणाला दाखवावी तशी पुढं केली, आणि तशीच खाली घेतली.

जेवायच्या वेळेला दारावर थापा पडल्या. अत्सी पुरिंग धापा टाकत उभी होती, हातात पळी तशीच.

"आहेस होय! अरे, सकाळपासून आवाज नाही तुझा."

"काम चालू आहे की."

"ऐकू कुठं येतंय? तुझा तो जुना डबा किंचाळायचा, मी त्या आवाजावर तांदूळ चढवायचे. गिऱ्हाइकं म्हणायची, सेल्मो उठला. आज काहीच नाही." तिनं पदर लावावा तसं एप्रनचं टोक चेहऱ्याला लावलं. "मला वाटलं, गेलास."

"कुठं जाऊ?"

"जायचंच असलं तर सांगून जा बाबा. दार उघडून बघायची हिंमत होईना मला."

"इथंच आहे, अत्सी."

तिनं आत डोकावून मशीनकडं पाहिलं. चांगलं आहे म्हणाली, फार गप्प आहे म्हणाली, आणि भात करपेल म्हणून लगबगीनं गेली.

लाकडाला ओलसर वारा चालत नाही. वर्षानुवर्षं सेल्मोच्या कामाच्या खोलीची रस्त्याकडची खिडकी बंद असायची, फटींना कापड लावलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं टांगलेल्या काठ्यांवर प्लास्टिकचा कागद दोन पदरी गुंडाळला आणि कडेनं घट्ट बांधला. मग आवाज बाहेर जावा म्हणून फटींतलं कापड काढलं. खिडकीची कडी गंजली होती, ती हातोडीनं ठोकावी लागली. खिडकी उघडल्यावर समोर खानावळीत बसलेल्या दोघांनी वर पाहिलं. सेल्मोनं मान हलवली.

मग मागच्या भिंतीशी जाऊन त्यानं मशीन सुरू केलं.