दुसरा कान

डॉक्टरांनी कान तपासायचा दोन पायांचा लोखंडी काटा तळहातावर आपटला आणि कुसुमताईंच्या उजव्या कानाशी धरला.

"येतं ऐकू?"

"येते ना. घुमल्यासारखं."

"आणि आता?" त्यांनी काटा डाव्या कानाशी नेला. कुसुमताईंनी मान हलवली. तिकडे काहीच नव्हतं.

धंतोलीतल्या याच दवाखान्यात हिवाळ्यात त्यांच्या उजव्या कानाचं ऑपरेशन झालं होतं. लेकीच्या, करिष्माच्या जन्मानंतर त्यांचे दोन्ही कान हळूहळू बंद होत गेले होते. आतलं सगळ्यांत बारीक हाड जाम झालं होतं. डॉक्टरांनी ते काढून तिथे कृत्रिम बसवलं आणि आवाज परत आला. पण जिभेची चव नेणारी एक नाजूक नस त्याच वाटेवरून जाते, आणि ती दुखावली. तेव्हापासून जिभेचा उजवा भाग गंजका खिळा चोखल्यासारखा लागे. बरं होईल, वेळ लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. उन्हाळा संपत आला तरी बरं झालं नव्हतं.

"दुसऱ्या कानाचंही करता येईल, ताई," डॉक्टर म्हणाले. "पण त्याही बाजूची नस दुखावली, तर चवीचं कठीण होईल. शक्यता कमी आहे, पण नाहीच असं मी म्हणणार नाही."

"करून टाका, डॉक्टरसाहेब," भैयाजी मोठ्यानं म्हणाले आणि त्यांनी बायकोच्या खांद्यावर हात ठेवला. "तिले ऐकू येणं महत्त्वाचं. खाण्याचं काय, जसं असंल तसं खाऊ आम्ही."

दाराशी उभी असलेली नर्स कौतुकानं बघत राहिली. करिष्माचे डोळे भरून आले.

खापरखेड्याच्या कॉलनीत भैयाजींना सगळे देवमाणूस म्हणत. वीज केंद्रातली सारी नोकरी संपवून ते निवृत्त झाले, पण त्यांचा चढलेला आवाज कोणी ऐकला नव्हता. बहिऱ्या बायकोला त्यांनी कधी टाकून बोललेलं कोणाच्या कानावर नव्हतं. कुसुमताईंनाही तसंच वाटे. ताट समोर ठेवलं की भैयाजींचे ओठ हलत. पहिल्या घासाआधी ते देवाचं नाव घेतात, असं त्या इतकी वर्षं समजत आल्या होत्या. त्यांचं बघून त्यांनीही जेवणाआधी हात जोडायची सवय लावून घेतली होती.

हिवाळ्यात ऑपरेशननंतर कानातला कापूस निघाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी ताट ठेवलं आणि भैयाजींचे ओठ हलले. ते देवाचं नाव नव्हतं.

"मरत बी नाही मेली," भैयाजी शांत चेहऱ्यानं पुटपुटले आणि पोळीचा तुकडा मोडला.

नवा कान चुकीचं ऐकत असेल, असं कुसुमताईंना वाटलं. पण संध्याकाळी तेच झालं, दुसऱ्या दिवशीही. कधी आई काढलेली असे, कधी रूप, कधी आणखी काही. "ऐकू येते का आता, वं?" असं भैयाजी अधूनमधून ओरडून विचारत. "थोडं थोडं," त्या म्हणत, आणि तेवढ्यावरच ठेवत. पुढे चवीचा अंदाज चुकू लागला, भाजी खारट होऊ लागली, तसं ते पुटपुटणं लांबत गेलं. मोठ्यानं मात्र भैयाजी म्हणत, "मस्त झाली."

"काय करायचं मग, ताई?" डॉक्टरांनी आता पुन्हा विचारलं.

"राहू द्या. एका कानावर भागते माझं."

"काहून, आई?" करिष्मा पुढे झाली.

"चव जाईन."

कोराडी रोडनं परत येताना करिष्मा गाडी चालवता चालवता बोलतच होती. "बाबा तुझ्यासाठी इतकं करून राहिले अन् तू जिभेसाठी कान सोडून राहिली. लोकं ऐकतील तर हसतील." मागच्या सीटवर भैयाजी डोळे मिटून बसले होते. कुसुमताईंना लेकीकडे पाहावंसं वाटलं, पण त्या काचेतून वीज केंद्राच्या चिमण्यांच्या धुराकडे बघत राहिल्या. लेकीच्या मनातला बाप तसाच राहू द्यावा, एवढंच त्यांच्या मनात आलं.

दोघांना दारात सोडून करिष्मा नागपूरला परत गेली. कुसुमताईंनी पदर खोचला आणि वांगी चिरायला घेतली. भाजीला उकळी आली तेव्हा भैयाजी मागे दारात येऊन उभे राहिले होते.

"बहिरीच राह्य," ते पुटपुटले. "माणसाच्या तोंडाची चव घालवली सटवीनं."

कुसुमताईंनी गॅस बारीक केला. पळीत थोडा रस्सा घेतला, फुंकून निववला आणि त्या वळल्या.

"हात पुढं करा."

भैयाजींनी तळवा पुढे केला. कुसुमताईंनी त्यावर रस्सा घातला.

"मीठ पाहून सांगा. मले आता समजत नाही."

भैयाजींनी मोठ्यानं बोलायला तोंड उघडलं.

"जोरानं नका सांगू," कुसुमताई म्हणाल्या. "ताटावर बसून बोलता ना, तितक्याच हळू सांगा. कापूस निघाला तवापासून सारं ऐकू येऊन राहिलं मले."

रस्सा भैयाजींच्या तळव्यावरून मनगटाकडे ओघळला. ते त्याच्याकडे बघत राहिले. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. मग त्यांनी तळवा तोंडाला लावला, चाटला, आणि नवऱ्याचा असा आवाज कुसुमताईंनी पहिल्यांदाच ऐकला. तो मोठा नव्हता, हळूही नव्हता.

"बरोबर आहे," भैयाजी म्हणाले. "अगदी बरोबर आहे."

भाजीत कुसुमताईंनी अजून मीठ घातलंच नव्हतं.

त्यांनी ती भाजी तशीच ताटात वाढली आणि त्या समोर बसल्या. भैयाजींनी ती सगळी खाल्ली. त्यांचे ओठ घासापुरतेच हलत होते.